‘काहीच घडत नाही’ अशा सिनेमात काय घडत असतं?

एक म्हातारी आई क्रोशाचं विणकाम घेऊन बसली आहे. तिचा थोरला मुलगा बऱ्याच वर्षांपूर्वी समुद्रात बुडणाऱ्या एका पोराला वाचवायला उतरला आणि स्वतःच बुडाला. वाचलेलं ते पोर आता मोठं झालंय, अंगानं सुटलंय, नोकरीचा पत्ता नाही. दर पुण्यतिथीला तो या घरी येतो, घाम पुसत बसतो, माफी मागितल्यासारखं बोलतो आणि निघून जातो. या वर्षी तो गेल्यावर धाकटा मुलगा आईला म्हणतो, पुढच्या वेळेपासून नको बोलवायला, फार अवघडतो बिचारा. आईची सुई थांबत नाही. म्हणूनच तर बोलावते, ती म्हणते. राग धरायला समोर कुणी नसलं की जास्त जड जातं. वर्षातून एकदा त्यालाही जड जाऊ दे.

हिरोकाझू कोरेएदा या जपानी दिग्दर्शकाच्या ‘स्टिल वॉकिंग’ (2008) मधला हा प्रसंग. आवाज चढत नाही, संगीत वाजत नाही. मुलं-नातवंडं एका दिवसासाठी आईवडिलांकडे येतात, स्वयंपाक होतो, जेवणं होतात, सगळे मिळून फोटो काढतात आणि मग आपापल्या वाटेनं जातात. गोष्ट एवढीच. हा सिनेमा मी ज्यांना ज्यांना बघायला लावला, त्यांतल्या निम्म्यांनी सांगितलं, ‘छान आहे, पण घडत काहीच नाही.’ कुटुंब, ओळख, माणसामाणसातलं नातं या विषयांवरच्या स्वतंत्र सिनेमांबद्दल हीच तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. तक्रार खोटी नाही. फक्त ती कुठून येते आणि हे सिनेमे असे का होतात, हे समजलं तर बघायला बसताना त्रास कमी होतो.

आधी ‘स्वतंत्र’ हा शब्द. तो फार सैलपणे वापरला जातो. स्वतंत्र म्हणजे गरीब असं नाही, आणि थरथरता कॅमेरा म्हणजेही स्वतंत्र नाही. विचारायचे प्रश्न दोनच: पैसा कुणाचा, आणि शेवटची कात्री, म्हणजे सिनेमात काय ठेवायचं नि काय कापायचं हे ठरवणं, कुणाच्या हातात? मोठ्या स्टुडिओच्या सिनेमात दोन्हीचं उत्तर बहुधा ‘स्टुडिओ’ असं असतं. तयार झालेला सिनेमा निवडक प्रेक्षकांना दाखवायचा, त्यांना शेवट आवडला नाही तर नवा शेवट चित्रित करायचा, हे तिथे नेहमीचं काम आहे. स्वतंत्र सिनेमात पैसा तुकड्यातुकड्यांनी गोळा होतो. थोडा एखाद्या खासगी गुंतवणूकदाराचा, थोडा सरकारी निधी, थोडा टीव्ही वाहिनीचा, थोडा दुसऱ्या देशातल्या सहनिर्मात्याचा, आणि बऱ्याचदा दिग्दर्शकाची स्वतःची पुंजी. सिनेमा पुरा झाला तरी तो कोण दाखवणार हे ठरलेलं नसतं. मग फेस्टिव्हल गाठायचा. फेस्टिव्हलला आपण सोहळा समजतो, पण धंद्याच्या दृष्टीनं तो बाजारही असतो. तिथे सेल्स एजंट देशादेशांच्या वितरकांना हक्क विकतात.

सीमारेषा पुसटच आहे. खुद्द कोरेएदांच्या सिनेमांत टीव्ही कंपन्यांचा पैसा असतो. म्हणून मी कात्रीवर जास्त भर देतो. सिनेमा कुठे थांबवायचा हे ज्यानं लिहिलं-केलं त्यानंच ठरवलं असेल, तर मला तो पुरेसा स्वतंत्र वाटतो.

आता अशा सिनेमांत घरच इतकं का दिसतं? पहिलं उत्तर अगदी व्यवहारी आहे. घर हे सगळ्यात स्वस्त लोकेशन. चार माणसं, एक स्वयंपाकघर, खिडकीतून येणारा उजेड. अमेरिकेत जॉन कॅसाव्हेटीस यांनी ‘फेसेस’ (1968) चा बराचसा भाग स्वतःच्या आणि सासूबाईंच्या घरात चित्रित केला. पुढे ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुएन्स’ (1974) साठी कुणी पैसे देईना, तेव्हा त्यांनी घर गहाण टाकलं. नायकाचं काम करणाऱ्या पीटर फॉक यांनीही स्वतःचे पैसे घातले. नायिका जीना रोलंड्स म्हणजे कॅसाव्हेटीस यांची पत्नी, आणि दोघांच्याही आया सिनेमात काम करतात. वितरक मिळाला नाही, तेव्हा कॅसाव्हेटीस यांनी स्वतःच चित्रपटगृहांच्या मालकांना फोन लावले. कुटुंबावरचा सिनेमा कुटुंबानंच उभा केला.

पण स्वस्ताई हे अर्धंच उत्तर झालं. ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुएन्स’मधलाच एक प्रसंग बघा. नवरा रात्रपाळी संपवून सकाळी घरी येतो तो सगळ्या सहकाऱ्यांना घेऊनच. बायको, मेबल, सगळ्यांसाठी स्पॅगेटी शिजवते. टेबलाभोवती दहाबारा दमलेले पुरुष. ती एकेकाला नाव विचारते. तिला मनापासून चांगलं यजमानपण करायचंय. कुणीतरी गाऊ लागतं, तिला आनंद होतो, तो आनंद जरा वाढतो, मग आणखी जरा, आणि ती एका माणसाच्या फार जवळ जाते. नवरा एकदम खेकसतो. टेबल गप्प होतं. लोक उठायला लागतात. ‘हिचं मन ठिकाणावर नाही’ असं कुणी म्हणालेलं नाही. पण काय झालं ते प्रत्येकाला कळलंय, आणि आपण विचारात पडतो की बिघाड नेमका कुणात आहे, तिच्यात की त्या टेबलावर. हा प्रसंग लांबतो, कारण हळूहळू वाढणारा अवघडलेपणा घाईनं दाखवताच येत नाही.

वीस कोटी डॉलर लावलेल्या सिनेमाला ही चैन परवडत नाही. तो जगभर, सगळ्या वयाच्या लोकांत चालावाच लागतो. म्हणून तो पहिल्या खेपेत समजला पाहिजे, त्यातलं भांडण शब्दांत आलं पाहिजे आणि शेवटी मिटलंही पाहिजे. घरातली भांडणं सहसा शब्दांत येत नाहीत आणि मिटतही नाहीत, ती जुनी होतात. ज्या सिनेमाला थोडेच प्रेक्षक पुरतात, त्यालाच हे जसंच्या तसं ठेवण्याची मुभा मिळते. कमी पैशात हात बांधले जातात हे खरंच, पण गप्प राहण्याची सूट त्यातूनच मिळते.

इथे लेखनाची एक अडचण समजून घेण्यासारखी आहे. दोन अनोळखी माणसं भेटली की एकमेकांना माहिती सांगतात, प्रेक्षकालाही आपोआप कळतं. घरातल्या माणसांना सगळं आधीच ठाऊक असतं. ‘तुला आठवतंय ना, तुझा भाऊ बुडून गेला’ असं कुठली आई मुलाला म्हणेल? मालिकांमध्ये म्हणतात, आणि तेच कानाला खटकतं. मग प्रेक्षकाला कळवायचं कसं? वस्तूंमधून, कोण कुठे बसतं यातून, कुठला विषय निघाला की कोण खोलीतून उठून जातं यातून.

‘स्टिल वॉकिंग’मध्येच आई एक जुनी रेकॉर्ड लावायला सांगते. सगळ्यांना वाटतं, आवडीचं गाणं असेल. नंतर म्हातारे नवरोबा आंघोळीला गेलेले असताना ती बाहेरून त्यांना सहज सांगते की फार पूर्वी तुम्ही दुसऱ्या एका बाईच्या घरी हेच गाणं गात होतात, मी बाहेर उभी होते, आणि मग जाऊन ही रेकॉर्ड विकत घेतली. पाण्यात बसलेला नवरा काय बोलणार? कित्येक दशकांचा संसार एका रेकॉर्डमध्ये मावला. लक्ष मोबाइलकडे गेलं तर हा सगळा प्रसंग हातचा जातो. ‘काहीच घडत नाही’ ही तक्रार बऱ्याचदा अशाच एखाद्या हुकलेल्या मिनिटातून येते, असा माझा संशय आहे.

आणि सगळं बोलून टाकलं तर? तोही प्रयोग झालाय. 1995 मध्ये लार्स फॉन ट्रायर आणि थॉमस विंटरबर्ग या डॅनिश दिग्दर्शकांनी ‘डॉग्मा 95’ नावाची नियमावली केली. खऱ्या जागीच चित्रण, कॅमेरा हातात, वरून संगीत नाही, दिव्यांची करामत नाही. त्या नियमांतला पहिला सिनेमा म्हणजे विंटरबर्ग यांचा ‘फेस्टेन’ (1998), घरगुती वापराच्या छोट्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रित केलेला. वडिलांच्या साठीची मेजवानी आहे. थोरला मुलगा उभा राहतो, दोन भाषणं आणलीत म्हणतो, हिरवं की पिवळं ते वडिलांनाच निवडायला लावतो. ते हिरवं निवडतात. मग मुलगा शांतपणे सांगतो की लहानपणी वडील आम्हा जुळ्या भावंडांवर लैंगिक अत्याचार करत होते. बहीण अलीकडेच आत्महत्या करून गेलेली आहे. आणि पाहुणे? थोडा वेळ गप्प होतात, मग मेजवानी पुढे सुरू होते. सिनेमा सुन्न करतो तो इथे. सत्य बाहेर आलं की घर हादरेल, असं आपण धरून चालतो. पण घराला सत्य पचवून पुढचा पदार्थ वाढता येतो. स्वयंपाकघरातली नोकरमाणसं पाहुण्यांच्या गाड्यांच्या किल्ल्या लपवून ठेवतात, म्हणजे निदान कुणाला निघून तरी जाता येऊ नये. तो हलका, धुरकट कॅमेरा इथे पाहुण्यांतलाच एक होऊन फिरतो. मोठा कॅमेरा आणि दिव्यांचा पसारा असता तर ती गर्दी इतकी जवळून दिसलीच नसती.

पैसा नसला की आणखी एक गोष्ट होते, ती म्हणजे वेळ लागतो. सत्यजित राय यांनी ‘पथेर पांचाली’चं चित्रण 1952 मध्ये सुरू केलं. ते जाहिरात कंपनीत नोकरी करत, चित्रण सुट्टीच्या दिवशी. काशफुलांच्या शेतातला अपू-दुर्गा या भावंडांचा प्रसंग अर्धा झाला, आठवड्यानं परत गेले तर फुलं गुरांनी खाऊन टाकलेली. पुढच्या मोसमाची वाट बघावी लागली. विमा पॉलिसी, पत्नीचे दागिने, सगळं पणाला लागलं, शेवटी पश्चिम बंगाल सरकारचा पैसा आला आणि सिनेमा 1955 मध्ये पुरा झाला. एवढ्या काळात अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा एकदम मोठी दिसू लागली नाही आणि म्हाताऱ्या इंदिर ठाकरूनचं काम करणाऱ्या चुनीबाला देवी हयात राहिल्या, याचं राय यांना स्वतःलाच नवल वाटे. ज्या गोष्टीची त्यांना धास्ती होती, तीच रिचर्ड लिंकलेटर यांनी ‘बॉयहूड’ (2014) मध्ये मुद्दाम केली. तेच कलाकार घेऊन दरवर्षी थोडे थोडे दिवस असं बारा वर्षं चित्रण. मुलगा पडद्यावर खराखुरा मोठा होतो, आईवडिलांच्या चेहऱ्यावर खरं वय चढतं. मेकअपनं हे जमत नाही.

ओळखीचा प्रश्न याच घरातून निघतो. ‘मी कोण’ हे आपण एकट्यानं ठरवत नाही, आपल्याला हाका मारणारे लोक निम्मं आधीच ठरवून मोकळे झालेले असतात. बॅरी जेन्किन्स यांच्या ‘मूनलाइट’ (2016) चे तीन भाग आहेत आणि प्रत्येक भागाला एका नावाचं शीर्षक: ‘लिटल’, ‘शायरॉन’, ‘ब्लॅक’. तिन्ही नावं एकाच मुलाची. पहिलं पोरांनी चिडवून ठेवलेलं, दुसरं घरचं, तिसरं एका मित्रानं दिलेलं. तीन वयांसाठी तीन नट, आणि जेन्किन्स यांनी चित्रणादरम्यान त्यांना एकमेकांना भेटूच दिलं नाही. एकानं दुसऱ्याची लकब उचलू नये म्हणून. तरीही तिघांच्या डोळ्यांत तेच दबलेपण दिसतं. सुमारे पंधरा लाख डॉलरमध्ये, पंचवीस दिवसांत झालेला हा सिनेमा. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर त्यालाच मिळालं.

स्थलांतरित कुटुंबांच्या गोष्टीत ओळखीची गाठ आणखी पक्की बसते. ली आयझॅक चुंग यांचा ‘मिनारी’ (2020) अमेरिकन दिग्दर्शकाचा, अमेरिकेत चित्रित झालेला, अमेरिकेतच शेती करू पाहणाऱ्या कुटुंबाचा. पण संवाद बहुतांश कोरियन, म्हणून गोल्डन ग्लोब पुरस्कारांत त्याला परदेशी भाषेच्या गटात बसवलं गेलं. आपण इथले की बाहेरचे, हा सिनेमातल्या माणसांना पडलेला प्रश्न सिनेमालाही चुकला नाही.

लुलू वांग यांच्या ‘द फेअरवेल’ (2019) मध्ये चीनमध्ये राहणाऱ्या आजीला कर्करोग झालाय आणि ती सोडून सगळ्यांना ते माहीत आहे. निरोप घ्यायला जमायचं, तर कारण हवं, म्हणून घाईघाईनं नातवाचं लग्न काढतात. अमेरिकेत वाढलेल्या नातीला ही शुद्ध फसवणूक वाटते. काका तिला समजावतात की तिकडे माणसाचं आयुष्य त्याचं एकट्याचं असतं, इकडे ते घराचं असतं, म्हणून हे ओझं आपण तिच्या वतीनं वाहायचं. सिनेमा दोघांपैकी कुणालाही खोटं पाडत नाही. ही वांग यांच्या घरातलीच खरी गोष्ट, चित्रण आजी राहते त्याच शहरात, आणि सिनेमातल्या आजीच्या बहिणीचं काम वांग यांच्या खऱ्या मावसआजीनं केलंय. गंमत म्हणजे चित्रण चालू असताना खऱ्या आजीला अजूनही काहीच सांगितलेलं नव्हतं.

मराठीत 2025 मध्ये रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलच्या जागतिक विभागात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर गावी आलेला आनंद, लग्नाचं कधी विचारणारे नातेवाईक, आणि लहानपणचा मित्र बाळ्या. आपल्या मुलाला पुरुष आवडतात हे आईला ठाऊक आहे, आणि या विषयाच्या सिनेमांत हमखास येणारा घरातला तमाशा इथे नाही. म्हणूनच तो वेगळा वाटतो.

रक्ताचं नातं नसताना कुटुंब होतं का? कोरेएदा यांनी ‘शॉपलिफ्टर्स’ (2018) मध्ये हा प्रश्न पुरता उलटासुलटा करून पाहिला आणि त्याला कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक, ‘पाम दोर’, मिळालं. भुरट्या चोऱ्या करणारी माणसं अंगावर भाजल्याचे डाग असलेली एक लहान मुलगी घरी आणतात. कायद्याच्या भाषेत हे अपहरण. शेवटाकडे पोलीस चौकशीत त्या घरातल्या बाईला विचारलं जातं, मुलं तुला काय हाक मारायची? ‘आई’ असं त्यांनी कधी म्हटलेलंच नाही. साकुरा आन्दो ही अभिनेत्री उत्तर देत नाही, तळहातानं डोळे पुसते, केस मागे सारते, पुन्हा पुसते. कॅमेरा समोर खिळलेला. कट नाही. लहान मुलांना कोरेएदा सहसा पटकथा देत नाहीत, वाक्य तिथल्या तिथे कानात सांगतात. म्हणून त्यांच्या सिनेमातली मुलं पाठ केल्यासारखी बोलत नाहीत.

शार्लट वेल्स यांच्या ‘आफ्टरसन’ (2022) मध्ये न सांगण्याची हीच रीत टोकाला जाते. अकरा वर्षांची मुलगी आणि तिचा तरुण बाप सुट्टीवर. ती व्हिडिओ कॅमेऱ्यावर त्याला विचारते, तू अकरा वर्षांचा असताना मोठेपणी काय करशील असं वाटलं होतं? तो कॅमेरा बंद करायला लावतो. मग आपल्याला ती दोघं दिसतात ती फक्त बंद टीव्हीच्या काळ्या काचेत, पुसट. बापाचं पुढे काय झालं हे सिनेमा सांगत नाही. मोठी झालेली मुलगी जुन्या टेप पाहून जेवढं शोधू शकते, तेवढंच आपल्या हाती लागतं.

या सगळ्यावर एक खरा आक्षेपही आहे. गप्प बसण्याचीही आता फॅशन झालीय. खिडकीबाहेर बघणारी नायिका, रिकाम्या खोलीचा लांबलचक शॉट, समुद्राकाठी अचानक संपणारा शेवट. फेस्टिव्हलला काय आवडतं हे ओळखून केलेले सिनेमे पुष्कळ निघतात आणि त्यांत खरोखरच काही घडत नाही. फरक कसा ओळखायचा? मी एकच बघतो: या शांततेत जे बोललं जात नाहीये, ते मला नेमक्या शब्दांत सांगता येतं का? मेबलच्या टेबलावर सांगता येतं, त्या रेकॉर्डच्या प्रसंगात सांगता येतं. नुसत्या खिडकीत बऱ्याचदा नाही.

‘स्टिल वॉकिंग’मध्ये आई आणि मुलगा एका जुन्या सुमो पैलवानाचं नाव आठवायचा प्रयत्न करतात, दोघांनाही आठवत नाही. दुसऱ्या दिवशी मुलगा बायको-मुलासह बसमध्ये बसतो. आईवडील चढ चढत घराकडे परततात, आता नववर्षाला येतील म्हणत. बसमध्ये मुलगा बायकोला सांगतोय की वर्षातून एकदा आलो एवढं पुरे, नववर्षाला नको. आणि मग त्याला त्या पैलवानाचं नाव आठवतं. नेहमी असंच, जरा उशीरच होतो, तो म्हणतो. बस वळणावर पोचलेली असते.